गोफातून आलेली ओ

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळी सव्वासात वाजता माझ्या वडिलांनी खाणीतल्या वळणावर नेहमीप्रमाणे हाक दिली आणि तिला ओ मिळाली नाही. वळणाच्या पलीकडे आम्ही पाच-सात माणसे होतो. हातात फावडी होती, कोळशाचा रुळांवरचा टब अर्धा भरला होता, डोक्यावरचे दिवे चालू होते. हाक सर्वांनी ऐकली. कोणी तोंड उघडले नाही. ओ येण्यास जितका वेळ लागतो तितका वेळ वडील थांबले आणि मग पुढे निघून गेले. त्यांच्या बुटांचा आवाज पाण्यातून बराच वेळ येत राहिला. आमच्यातल्या एकाने हसण्याचा प्रयत्न केला. तो त्याला जमला नाही.

जमिनीखाली हाक देण्याची रीत काय होती ते आधी सांगितले पाहिजे, कारण ती खाण आता राहिली नाही आणि ती रीतही राहिली नाही. कोळशाच्या थरात आम्ही उभ्याआडव्या गल्ल्या काढत असू आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब छताला आधार म्हणून सोडत असू. प्रत्येक वळणापलीकडे पूर्ण काळोख असे. डोक्यावरचा दिवा मान वळेल तेवढाच उजेड पाडतो. कोपऱ्याच्या मागे काय आहे ते त्याला कळत नाही. म्हणून वळणावर येणाऱ्याने ‘कोन हाय?’ अशी हाक द्यायची आणि पलीकडे जो कोणी असेल त्याने ‘ओ’ म्हणायचे. भरलेला टब उतारावर सोडण्याआधी हाक, सुरुंग पेटवण्याआधी हाक, छताचा टेकू काढण्याआधी हाक. एकाची ओ दुसऱ्याने द्यायची नाही, हा एवढाच नियम. तो कोठे लिहिलेला नव्हता. बिलासपूरकडून आलेले, सिरोंच्याकडचे तेलुगू बोलणारे, एटापल्लीच्या जंगलातले गोंड आणि आमच्यासारखे कुरखेड्याचे धानाचे बांध मागे टाकून आलेले, सगळे तो पाळत. जुनी माणसे म्हणत की मेलेल्याला हाक ऐकू येते, फक्त ओ देता येत नाही. ज्या वळणावरून ओ आली नाही त्या वळणापुढे कोणी एकटा जात नसे. माझे वडील त्या सोमवारपासून एकटे जाऊ लागले.

वडील सरदार होते. खाणीत सरदार म्हणजे कोणी पुढारी नव्हे. पाळीतल्या एका भागातल्या माणसांच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर असते, त्याला सरदार म्हणत. काठीने छत ठोकून त्याचा आवाज ऐकणे, तेलाच्या दिव्याची ज्योत पाहून हवा ओळखणे, कुंपणे तपासणे हे त्यांचे काम. सर्वजण त्यांना दयारामभाऊ म्हणत. ते कमी बोलत आणि बोललेले बदलत नसत. मी त्यांच्यावरच गेलो असे माझी मुले म्हणतात. ते कौतुकाने म्हणतात असे मला वाटत नाही.

आमची क्वार्टरची लाईन खाणीला हवा पुरवणाऱ्या मोठ्या पंख्याच्या बाजूला होती. तो अहोरात्र घोंघावत असे. तेथे वाढलेल्या माणसाला तो ऐकू येत नाही. मी चंद्रपूरला पहिल्यांदा पाहुणा म्हणून राहिलो तेव्हा कानांत काही बिघाड झाला असे वाटले होते. दुपारी खाली सुरुंग उडाले की फडताळावरची भांडी थरथरत आणि माय हातातले काम न थांबवता वाटीवर बोट ठेवून तिला गप्प करी. घरात भात दोन्ही वेळचा. त्याबरोबर तुरीचे घट्ट वरण, जवसाची चटणी, पावसाळ्यात तरोट्याची भाजी, बाजाराच्या दिवशी सुकी मासोळी. सकाळी बुद्धवंदना म्हटल्याशिवाय वडील घराबाहेर पडत नसत. शेजारी कवडू राहत असे. तो लोडर होता, म्हणजे फावड्याने टब भरणारा; माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, आवाजाने खणखणीत, थट्टेखोर. छत ठोकून ऐकायला त्याला माझ्या वडिलांनी शिकवले होते. दोन घरांमध्ये एकच भिंत होती. इकडे माय वरणाला फोडणी देई आणि पलीकडून कवडू ओरडे, “बाई, लसून जास्त झाला!” माय भिंतीलाच उत्तर देई, “तुह्या बायकोले सांग, तिच्या भाजीत तं तोही नसते.” पोळ्यानंतर भिंत दोन्हीकडून गप्प झाली.

कारण थोडक्यात असे. खाणीत एकच मान्यताप्राप्त युनियन होती. त्या साली तिच्या पुढाऱ्यांनी व्यवस्थापनाशी करार केला आणि बदली कामगारांना कायम करण्याचा प्रश्न सोडून दिला. बदली कामगार म्हणजे कोणी गैरहजर राहिला तर त्याच्या जागी खाली उतरणारा. मी बदली कामगार होतो. खाणीतले निम्मे तरुण बदली होते. कवडू स्वतः कायम होता, तरी तोच पहिला उठला. त्याने वेगळी युनियन काढली, वेगळा झेंडा लावला, आणि महिनाभरात लाईनीतल्या बहुतेक घरांवर तो झेंडा दिसू लागला. वडिलांनी जुना उतरवला नाही. करार त्यांनाही पटलेला नव्हता. मी एकदा विचारले तेव्हा ते म्हणाले, “चूक त्याईची हाय. पन मी इथी आलो तवा कोनी बाजूले बसू देत नोतं. त्या युनियननं मले पयल्यांदा सतरंजीवर बसवलं. तिले मी सोडनार नाई.” मी मात्र कवडूच्या युनियनमध्ये गेलो. माझ्या पोटाचाही प्रश्न होता.

व्यवस्थापन नव्या युनियनशी बोलायला तयार नव्हते. संप केला तर बदली कामगार पहिले बाहेर जाणार. तेव्हा कवडूने हत्यार शोधले ते अबोल्याचे. जो जुन्या युनियनमध्ये राहील त्याच्याशी बोलायचे नाही. वर नाही, खाली नाही. त्याच्या हाकेला ओ द्यायची नाही. आम्ही सर्वांनी कोळशाच्या ढेपेवर हात ठेवून शपथ घेतली. कोणीतरी विचारले, ज्याचा बापच तिकडे आहे त्याने काय करायचे? कवडू माझ्याकडे पाहून म्हणाला, “घरात बोल. चुलीले युनियन नसते. पन खाली तो तुहा बाप नाई, सरदार हाय.” लोक हसले. मीही हसलो.

त्या पहिल्या सोमवारी आम्ही दोघे घरी परतलो. वडिलांनी पाय धुतले, पाटावर बसले आणि पहिला घास घेऊन झाल्यावर मला विचारले, “तू होता तठी?”

“होतो.”

“हाक आयकू आली?”

“आली.”

“बरं.”

एवढेच. माय मात्र गप्प बसणारी नव्हती. तिने माझ्या ताटात भात वाढता वाढता हात थांबवला. “बापाले ओ देत नाई, अन् मले भात मागते. त्या झेंड्यालेच मांग नं.”

“वाढ त्याले,” वडील म्हणाले. “पाळीवर जाते तो.” मग थोड्या वेळाने, कोणाकडेही न पाहता ते म्हणाले, “गावात असताना आमाले असंच वाळीत टाकलं होतं. दुकानदार बोले नाई, गिरनीवाला बोले नाई. तवा ते लोक होते. आता आपलेच हायेत, एवढंच.”

पहिल्या काही दिवसांत या अबोल्याला गमतीचेही अंग होते. जिवाचा प्रश्न आला की बोलल्यावाचून भागत नसे, आणि बोलता तर येत नसे. कवडूने युक्ती काढली. वडील जवळ आले की तो टबावर थाप मारून म्हणे, “अबे टब, सरदाराले सांगजो, डाव्या अंगचं छत बोलून राह्यलं.” माणसे टबाआड तोंड लपवून हसत. वडील न हसता उत्तर देत, “टबाचं नाव हजेरीत नाई. ज्याचं हाय त्यानं सांगाव.” ते छत स्वतः ठोकून पाहत, पण टबाने सांगितले म्हणून नव्हे, ते त्यांचे कामच होते म्हणून. लाईनीत बायकांनी हीच रीत उचलली. कवडूची बायको आमच्या शेळीला म्हणे, तुह्या मालकिनीले सांग, वाळवन उचल, आभाळ आलं. माय शेळीला म्हणे, सांग तिले, मले डोळे हायेत.

गंमत लवकर संपली. जमिनीखाली माणसांचा आवाज नसेल तर काय काय ऐकू येते, हे तोवर आम्हाला ठाऊक नव्हते. टेकूचे लाकूड दबताना कण्हते. पाणी ठिबकते, तेही एकसारखे नाही. चालणाऱ्याने पाऊल रोखावे तसे मध्येच थांबते. वडील येत आहेत असे दिसले की आम्ही तोंडे भिंतीकडे फिरवत असू. त्यामुळे सगळे दिवे कोळशावर पडत आणि आमच्या पाठी काळोखात राहत. वळणावरून हाक येई. मग ओ येण्याइतका वेळ जाई. तो वेळ मी रोज खांद्यांवर सोसला आहे. पाऊल पुढे निघून गेले की फावडी पुन्हा सुरू होत, पण आधीपेक्षा हळू. वर लाईनीत लहान मुलांनी एक खेळ काढला होता. एकाने ‘कोन हाय?’ म्हणायचे आणि बाकीच्यांनी पापणी न हलवता उभे राहायचे. जो हलला तो बाद. संध्याकाळी क्वार्टरसमोर मुलांची ती निश्चल रांग पाहून माय त्यांना हाकलून देई. घरात वडिलांची एक नवी सवय माझ्या लक्षात आली. वाक्य बोलून झाले की ते थांबत. मायने उत्तर दिले तरी ते तेवढा वेळ थांबतच.

आमच्या गल्लीत छताला टेकू लावण्याचे काम चैतू करीत असे. तो एटापल्लीकडचा गोंड, वयाने वडिलांच्या बरोबरीचा. शपथ त्यानेही घेतली होती, पण मनातून नव्हे. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो कवडूला म्हणाला, “कवडू, ओ नाई देत तो मेलेला. असं आपनच म्हन्तो. मंग आपन साऱ्याइनी मराचं ठरवलं का?”

“बुढा भेला,” कवडू म्हणाला. “अबे, मेलेल्याले पगार भेटते का? मले तं भेटते.”

“मले माह्याची भीती नाई लागत,” चैतू म्हणाला. “तो मानूस रोज हाक देते. कोनीच ओ नाई दिली तं ज्यानं द्याची नाई तो दे‍ईन.”

कवडूने त्याच्या डब्यातली मिरची उचलून खाल्ली आणि विषय संपवला.

ज्या दिवसाविषयी लिहायला बसलो तो दिवस धान कापणीच्या हंगामातला. सकाळची पाळी होती. आम्ही तिघे, कवडू, चैतू आणि मी, गोफाच्या काठच्या गल्लीत होतो. गोफ म्हणजे ज्या भागातला सगळा कोळसा काढून झाला, शेवटी खांबही काढून घेतले आणि छत आपल्या आपण पडू दिले, तो भाग. तेथे काम नसते. वारा नसतो. पंख्याची हवा तेथे पोचत नाही. जी आहे ती मेलेली हवा. तिला वास नसतो. माणूस चार पावले आत जातो, त्याला थकवा वाटतो, तो जरा टेकतो आणि उठत नाही. म्हणून गोफाच्या तोंडाशी आडवी लाकडे बांधून कुंपण केलेले असे. रात्रपाळी करून दमलेला एखादा कामगार झोपेसाठी कुंपण ओलांडून गेल्याची उदाहरणे होती. त्यामुळे सरदाराने कुंपणापाशी उभे राहून गोफाकडेही हाक द्यायची असते. तिला ओ येत नाही हेच चांगले लक्षण.

वडील आले. आम्ही तोंडे फिरवली. त्यांनी वळणावर हाक दिली, थांबले, आमच्या मागून गेले. त्यांच्या हातातला तेलाचा दिवा माझ्या डाव्या बाजूने सरकत गेल्याचे मला भिंतीवरच्या उजेडात दिसले. कुंपणापाशी त्यांनी काठी टेकवली आणि गोफाकडे तोंड करून हाक दिली, “कोन हाय?”

“ओ,” असे उत्तर आले.

मोठ्याने नव्हे. दूरवरूनही नव्हे. अर्धवट झोपेतल्या माणसाने द्यावी तशी. तो प्रतिध्वनी नव्हता. पडलेल्या दगडांचा ढीग आवाज खातो, परत देत नाही, आणि हाक दोन शब्दांची होती. कवडूचे फावडे वरच थांबले. चैतूने कुऱ्हाड हळूच जमिनीवर ठेवली आणि माझे मनगट धरले.

“कोन? नाव सांग,” वडील म्हणाले.

नाव आले नाही.

“कोन हाय तठी?”

“ओ.” या वेळी किंचित आतून.

दुसरा कोणी सरदार असता तर जीव वाचवायला पळाला असता. वडील पळणार नाहीत हे मला त्या क्षणी कळले. त्यांनी धम्माची दीक्षा घेतली होती. भूत मानत नाही, असे ते दरवर्षी सर्वांसमोर म्हणत आणि ते खरोखरच मानत नसत. भूत नाही, तर मग ओ देणारा माणूसच असला पाहिजे. माणूस मेलेल्या हवेत पडला असेल, तर सरदाराने आत गेले पाहिजे. यात त्यांना विचार करण्यासारखे काही उरले नव्हते. त्यांनी वरचे आडवे लाकूड काढून बाजूला ठेवले आणि पाय आत टाकला.

कवडूनेही ते ओळखले. त्याने आम्हा दोघांकडे पाहिले. आमच्या गल्लीतले आम्ही सगळे तेथेच होतो. गोफाला दुसरी वाट नव्हती. त्याने टबावर हात मारला. मारला म्हणण्यापेक्षा ठेवला. “अबे टब,” तो म्हणाला, आणि त्याचा तो खणखणीत आवाज फाटला, “सांग त्याले. तठी आपला मानूस नाई. सांग जाऊ नोको.”

वडिलांनी टबाला उत्तर दिले नाही. ते पुढे गेले. मी मान वळवली. त्यांच्या हातातली ज्योत मला दिसत होती. ती आधी बोटाएवढी होती, मग नखाएवढी झाली. वारा नसताना ज्योत अशी खाली बसते ती फक्त एकाच कारणाने.

मी म्हणालो, “बाबा, मी इथी हावो.”

ज्योत थांबली.

“कोन बोलून राह्यलं?”

“मी. पत्रू. ओ.”

“दुसरं कोन हाय?”

“चैतूकाका हाय, कवडूभाऊ हाय. सारे इथीच हावो. आत कोनी नाई. वापस या.”

“त्याईच्या तोंडून पायजे,” वडील म्हणाले. शब्दांमध्ये अंतर पडू लागले होते. “एकाची ओ दुसऱ्यानं द्याची नाई.”

चैतूने माझे मनगट सोडले. “ओ,” तो म्हणाला. “चैतू. ओ, दयारामभाऊ, ओ.” तो ते तीन-चार वेळा म्हणाला. आजवरची सगळी थकबाकी एकदम फेडून टाकावी तसे.

“कवडू?” वडिलांनी हाक दिली.

कवडू माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभा होता. शपथ त्याने सर्वांना दिली होती. तो बोलला तर दुसऱ्या दिवशी शंभर माणसे बोलली असती आणि बदली कामगारांचे भांडण तेथेच संपले असते. हे त्यालाही ठाऊक होते, मलाही. त्याचा जबडा हलला. आवाज आला नाही. गोफाच्या आत वडील ओ येण्याची वाट पाहत उभे होते, आणि ते पूर्ण वेळ थांबणार होते.

मग कवडूने डोक्यावरचा दिवा हातात काढून घेतला, चार पावले टाकून तो कुंपणापाशी गेला, आणि दिवा उलटा फिरवून स्वतःच्या चेहऱ्यावर धरला. काळोखात फक्त तेवढा चेहरा दिसत होता, घामाने आणि काजळीने माखलेला, डोळे मिटलेला. उजेड थेट पापण्यांवर पडत होता तरी त्याने हात हलवला नाही.

वडिलांनी त्याच्याकडे पाहिले. मग ते वळले. येताना एकदा त्यांचा पाय दगडात अडकला आणि मी आत हात घालून त्यांची दंडाची बाही धरून ओढले. ते कुंपणाबाहेर आले, गुडघ्यांवर हात टेकून काही वेळ नुसते श्वास घेत राहिले, आणि कवडूला म्हणाले, “दिसनं म्हंजे ओ नाई. आज चालवून घेतो.”

त्यांनी लाकूड पुन्हा जागेवर ठेवले. मी दोरी धरली, ते गाठ मारत होते. कोणी हाक दिली नव्हती. तेव्हा कुंपणाच्या अगदी मागून, आम्ही बोलत होतो तेवढ्याच अंतरावरून, पुन्हा एकदा आवाज आला, “ओ.”

वडिलांनी गाठ पुरी केली. वर आणखी एक मारली. “या गल्लीत आज काम नाई,” ते म्हणाले. “दुसरीकडे चला.”

आम्ही निघालो. प्रत्येक वळणावर वडील हाक देत होते आणि प्रत्येक वळणावर मी व चैतू, त्यांच्या पाठीमागेच चालत असूनही, ओ देत होतो. कवडू शेवटी होता. त्याचा दिवा जमिनीवर होता. मी एकदाही मागे वळून मोजले नाही.

याचे स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही. वर लॅम्प केबिनमध्ये, जेथून पाळीला उतरताना प्रत्येकाला दिवा मिळे, सगळे दिवे परत आले होते. एकही कमी नव्हता, एकही जास्त नव्हता. आमच्याच कोणी दुष्टाव्याने केले असावे असे मी काही वर्षे धरून चाललो, पण त्या हवेत तेवढा वेळ कोणी थांबू शकत नाही. लाकूड कण्हते, दगड सरकतो, साचलेली हवा फटीतून निसटते, हे सर्व मी जाणतो आणि ते आवाज मी ओळखतो. पुढे जमिनीखालची खाण बंद झाली आणि तीच जागा वरून खोदून उघडी खाण केली. मी निवृत्त झाल्यावर एकदा मुद्दाम पाहायला गेलो. मोठी यंत्रे नेमक्या त्या भागावरून गेली होती. आमच्या गल्ल्या उन्हात कापलेल्या दिसत होत्या, आणि गोफाच्या जागी पडलेले दगड व कुजलेले टेकू होते. दुसरे काही नव्हते. कड्यावर उभा होतो तेव्हा मागून पहारेकऱ्याने विचारले, “कोन हाय?” मी इतक्या चटकन आणि इतक्या मोठ्याने ओ दिली की तो पोरगा दचकला.

त्या दिवशी पाळी सुटल्यावर कवडू मला लॅम्प केबिनच्या मागे घेऊन गेला. त्याने आधी बिडी पेटवली, मग विझवली.

“पत्रू, तुहा बाप वाचला, मले बरं वाटलं. खोटं नाई सांगत.”

“हव.”

“पन उद्या दुसरा म्हनीन माहा भाऊ हाय, तिसरा म्हनीन माहा सासरा हाय. मंग हातात काय राह्यलं? चैतू बुढ्याले मी सांभाळून घेतो, तो तसाही ऱ्हात नाई आता. तुह्यासाठी नाई करता येत. तू दयारामभाऊचा पोरगा. तुले सोडलं तं सारे बोलतीन.”

“मंग?”

“मंग तूही त्याईतला. हे शेवटचं बोलून राह्यलो तुह्याशी.”

“छत बोललं तं?”

कवडूने विझवलेली बिडी कानामागे खोचली. “टबाले सांगीन,” तो म्हणाला आणि गेला. चैतू दुसऱ्या दिवशी गावी निघून गेला तो पुन्हा कामावर आला नाही. माझ्यासाठी भांडणारे आता कोणी नव्हते. जुन्या युनियनला बदली कामगार नको होता आणि नव्या युनियनला मी. मी कायम झालो तो फार नंतर, दोन्ही झेंडे एका टेबलाशी बसले तेव्हा. कवडूवर माझा राग नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते, आणि बहुधा तोंडावर दिवाही धरला नसता.

घरी पोचेपर्यंत लाईनीला सगळे कळलेले होते. आमच्या समोरच्या ओट्यावरची माणसे बोलता बोलता थांबली आणि आम्ही दोघे दाराआड जाईपर्यंत तशीच बसून राहिली. माय दारात उभी होती. तिने वडिलांच्या तोंडाकडे पाहिले, मग माझ्या, आणि ती वाटेतून बाजूला झाली. वडील भिंतीला टेकून बसले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

“घसा कोरडा पडला का?” त्यांनी मला विचारले.

“हव.”

“मलेबी. ओ देल्ली ते बरं केलं.” आणि मग ते थांबले नाहीत, लगेच मायकडे वळून म्हणाले, “पानी दे दोघाइले.”

“पानी नाई,” माय म्हणाली. “नळ कवा आला मले कोनी सांगतलंच नाई. रोज हाका मारतेत बाया. आज कोनी नाई मारली. अदुगर तुमच्यापुरतं होतं, आता साऱ्या घराचं झालं वाटते.”

घरात तळाशी पेलाभर पाणी होते. ते वडिलांना दिले. मी पाण्याचे दोन पितळी गुंड घेतले आणि नळावर गेलो. दिवस मावळायला आला होता, रांग मोठी होती. मला पाहून बोलणे थांबले. कोणी अडवले नाही. कवडूची बायको नळाखाली होती. तिने आपली घागर अर्धीच भरून उचलली आणि बाजूला झाली. तिच्यामागच्या बायाही एक एक पाऊल मागे सरल्या. नळ आणि मी यांच्यामध्ये कोणी राहिले नाही. इतकी माणसे होती आणि गुंडात पडणाऱ्या पाण्याचा आवाज सोडून दुसरा आवाज नव्हता. मी पहिला गुंड काठोकाठ भरला, मग दुसरा. नळ बंद केला. दोन्ही एकदम उचलणे शक्य नव्हते, म्हणून एक घरी नेऊन ठेवला आणि दुसऱ्यासाठी परत आलो. तो होता तेथेच होता आणि रांग होती तशीच उभी होती. तो खांद्यावर घेतला, घरी आणला, चुंबळीवर नीट बसवला आणि त्यावर झाकण ठेवले.